साच्यातलं कापड (लेखांक ९)

या आठवड्यात मूस भट्टीत चढवायची ठरली होती. ते काम पुढच्या लेखावर ढकलतो, कारण सोलापूरहून एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे आणि तो माझ्या फार आवडीचा आहे. मागच्या वेळी व्हायकिंग काळातल्या लंबगोल ब्रोचच्या पाठीचं छायाचित्र दिलं होतं. त्यांनी विचारलंय, "आतल्या बाजूला उभे-आडवे धागे उमटलेले दिसतात. थडग्यात चिकटलेलं कापड का ते?" बाईंच्या माहेरी हातमाग होता. वीण दिसणारच त्यांना!

हे ठसे थडग्यातले नाहीत, ओतकामातले आहेत. नमुना ओल्या मातीत दाबला की पुढचा साचा मिळतो. नमुना काढायचा आणि त्या खळग्यात कापड नीट बसवायचं. त्यावर पुन्हा माती दाबली की मागचा साचा तयार. मग दोन्ही भाग सोडवून कापड काढून घ्यायचं. कापडाची जागा रिकामी राहते, तेवढीच ब्रोचची जाडी. मागच्या भागात काट्याच्या खुंट्या आणि आकडा यांच्या जागा कोरायच्या, साचा जोडून भाजायचा आणि धातू ओतायचा. मातीने टिपलेली वीण धातू जशीच्या तशी उचलतो.

एवढा खटाटोप कशासाठी? डेन्मार्कमध्ये ना तांब्याची खाण, ना कथिलाची. धातू सगळा बाहेरून यायचा, त्यामुळे पत्रा पातळ हवा. तो सगळीकडे सारखाही हवा, कारण जाड भाग उशिरा थंड होतो आणि पातळ भागाला ओढतो, मग तडा जातो. कापड हे दोन्ही एकदम साधतं. मी जाड खादी मेणात बुडवून वापरतो, म्हणजे मातीला चिकटत नाही. घुमटाच्या कडेशी चुणी पडू देऊ नका. चुणी पडली की तिथे धातूचा जाड वळ येतो.

धातू निवला की साचा फोडावाच लागतो. डेन्मार्कमधल्या रिबेच्या बाजारपेठेत आठव्या शतकातल्या कारागिरांनी टाकलेल्या अशा फुटक्या साच्यांचे ढीग सापडले आहेत. एकाच नमुन्यावरून नवे साचे घेता येतात, म्हणून ब्रोचचे दर्शनी भाग इतके सारखे. कापड मात्र दर खेपेला नव्याने बसतं. बाईच्या दोन खांद्यांवरचे दोन ब्रोच समोरून जुळे दिसले, तरी पाठीची वीण वेगळी पडते. संग्रहालयात दर्शनी बाजूच मांडतात याची मला हळहळ वाटते. कारागिराचा हात पाठीवर दिसतो.

बाईंची शंका अगदीच गैर नाही. काट्याजवळ खऱ्या कापडाचे तुकडेही सापडतात. झग्याचे बंद तिथे अडकवलेले असत आणि तांब्याच्या क्षारांमुळे ते कुजले नाहीत. याल्मार स्टोल्पे यांनी १८७१ पासून स्वीडनमधल्या बिर्का इथे उत्खनन केलं. तिथल्या थडग्यांतल्या वस्त्रांचा आग्नेस गायर यांनी अभ्यास केला आणि १९३८ मध्ये तो प्रसिद्ध केला. व्हायकिंग पोशाखाबद्दलची आपली बरीच माहिती अशा तुकड्यांतून आली आहे. तेव्हा धागा ठशाचा की खरा, हे भिंग लावूनच ठरवा.

पुढच्या आठवड्यात मूस नक्की. पितळ वितळवणार आहोत. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि त्याचा धूर बाधतो, म्हणून भट्टी उघड्यावर मांडा. तोवर साचे सावलीत वाळवा, उन्हात ठेवलेत तर तडकतील.