खाकी पिशवीवर भरताचं वांगं

किराण्याची खाकी कागदी पिशवी मी फाडून, इस्त्री फिरवून ठेवते. जळगावचं हिरवं भरताचं वांगं तिच्यावर झकास उतरतं. कागदाचा रंगच मधली छटा होतो. कोळशाने सावली, खडूने चकाकी दिली की गोलाई उठून येते. कॅलेंडरच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल घसरते, तिथे बॉलपेन बरं. कागद रद्दीतला असला की हात बिचकत नाही. नजर मात्र कागदापेक्षा वांग्यावर जास्त हवी. देठाचे काटे मनाने काढायचे नाहीत.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर क्वचितच पडले. घरातच, टेबलावर वस्तू मांडून त्यांनी अप्रतिम छायाचित्रं घडवली. पाहायला एक खोली पुरते, हे मला त्यांच्यामुळे पटलं.

सध्या समोर केळ्यांची फणी आहे. काळे ठिपके रोज वाढतात, म्हणून तीच फणी रोज नव्या कागदावर.