वसई शोधायचीय? मग ‘बसीन’ टाका!

वसई किल्ल्यावर प्रोजेक्ट करायचाय म्हणून मोबाइलवर ‘वसई फोर्ट’ टाकलं, तर आधी काय दिसतं? रील्स, प्री-वेडिंगचे फोटो आणि ‘स्टेशनवरून कसं जायचं’. चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम चार ओळींत उरकलेली, आणि त्याच चार ओळी सगळीकडे कॉपी-पेस्ट. सबमिशन दोन दिवसांवर आलेलं असताना आमच्या ग्रुपची हीच गत झाली. माहिती नेटवर होतीच, आम्हीच चुकीच्या खिडकीपाशी रांग लावून उभे होतो.

कारण एकेका विषयाची स्वतंत्र सर्च इंजिनं असतात. पीएचडीचे प्रबंध हवेत? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘शोधगंगा’ आहे, तीही फुकट. कोर्टाचे निकाल हवेत (आपल्याकडे महापालिकेतून गावं वगळण्याचा वाद हायकोर्टात गेलाच होता की!) तर ‘इंडियन कानून’. आणि जुनी पुस्तकं हवी असतील तर ‘इंटरनेट अर्काइव्ह’. इथे सर्च करताना ‘टेक्स्ट कंटेंट्स’ हा पर्याय निवडा. नाहीतर फक्त पुस्तकाचं नाव, लेखक असंच शोधलं जातं. आतली पानं राहून जातात.

आता खरी गंमत. या जुन्या पुस्तकांत ‘वसई’ टाकून फारसं काही मिळत नाही. इंग्रज वसईला म्हणायचे ‘बसीन’. स्पेलिंग बी-ए-डबल एस-ई-आय-एन. ते टाकलं आणि जेरसन द कुन्हा यांचं चौल-वसईवरचं १८७६ चं पुस्तक समोर आलं, ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर आलं. सोबत ढीगभर तांदूळही आला! बर्मातल्या एका बंदरालाही इंग्रज बसीनच म्हणत, आजचं पथेन. तिथून तांदूळ जहाजांनी बाहेर जायचा. त्यामुळे ‘बसीन’ला ‘ठाणा’ किंवा ‘साल्सेट’ जोडायचं. बर्मा बराचसा गळून पडतो.

अशी सर्च इंजिनं सापडतात कशी? नेहमीच्याच सर्चमध्ये आपल्या विषयापुढे ‘डेटाबेस’, ‘अर्काइव्ह’ किंवा ‘रिपॉझिटरी’ हा शब्द इंग्रजीत टाकून बघा. विकिपीडियाच्या लेखाखालचे संदर्भ उघडा. आणि कॉलेजच्या लायब्ररीयन मॅडमना विचारा. त्यांना हे सगळं माहीत असतं, आपण विचारत नाही एवढंच. गुगलच्या ‘प्रोग्रॅमेबल सर्च इंजिन’मध्ये निवडक साइट्सची यादी देऊन ग्रुपसाठी स्वतःचं छोटं सर्च इंजिनही बनवता येतं.

आणि हो, घरी विरार-नालासोपाऱ्यात फ्लॅट बघणं चालू असेल, तर एक सर्च तुम्हीच करून द्या. जाहिरातीतला रेरा नंबर महारेराच्या साइटवर टाका. नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका. बिल्डरचं नाव, जागेचा सर्व्हे नंबर आणि बिल्डिंग तीच आहे ना, ते बघा. जुळत नसेल तर बाबांना टोकन देऊ देऊ नका.