ओल आली की प्लंबर टाइल्सवाल्याकडे बोट दाखवतो. साईटवरच्या ठेकेदारांची भांडणं मिटतात तरी कशी?

नव्या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन चार महिने होत नाहीत, तोच वरच्या बाथरूममुळे खालच्या फ्लॅटच्या सिलिंगला ओल येते. बिल्डरचा माणूस येतो, बघतो आणि तीन फोन लावतो.

प्लंबर म्हणतो, "मी लाइन टेस्ट करून दिली होती, टाइल्सवाल्यानं ठोकताना फोडली." टाइल्सवाला म्हणतो, "वॉटरप्रूफिंगच कच्चं होतं." वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, "मी पाणी भरून दाखवलं होतं, नंतर प्लंबरनं येऊन होल मारलं." गंमत म्हणजे आपापल्या कामापुरतं तिघंही खरं बोलत असू शकतात.

आपल्याला वाटतं बिल्डिंग एक कंपनी बांधते. पण मोठ्या टॉवरवर सेंट्रिंग, सळई, वीटकाम, प्लास्टर, प्लंबिंग, वायरिंग, फायर फायटिंग, एसी, लिफ्ट, खिडक्या, टाइल्स, पीओपी, रंग अशा प्रत्येक कामाचा ठेकेदार वेगळा असतो. यातल्या प्रत्येकाची वर्क ऑर्डर मुख्य ठेकेदाराकडून किंवा थेट बिल्डरकडून येते. एकमेकांशी कुणाचाच कागद नसतो. त्यामुळे प्लंबरनं टाइल्सवाल्याचं नुकसान केलं, तरी करारावर बोट ठेवून त्याच्याकडे काही मागता येत नाही. तक्रार वर न्यावी लागते, निर्णय वरून खाली यावा लागतो. आणि वरचा माणूस "तुम्ही आपसात बघून घ्या" म्हणाला, की विषय चिघळलाच.

त्यात पैशाचा हिशोब. टाइल्सवाल्याला सहसा चौरस फुटावर पैसे मिळतात. त्यानं पाच कारागीर आणले आणि प्लंबिंगची टेस्ट बाकी म्हणून बाथरूम मोकळंच नाही, तर त्या दिवसाची मजुरी त्याच्या खिशातून जाते. मग तो टेस्टची वाट न बघता टाइल्स लावून मोकळा होतो. पुढची तोडफोड इथूनच सुरू होते.

सगळ्यात जोरदार भांडण मात्र सिलिंगच्या वर होतं. समजा ऑफिस बिल्डिंगमध्ये दोन स्लॅबमध्ये 3.3 मीटर अंतर आहे. बीम 600 मिलिमीटर खाली येतो, उरले 2.7 मीटर. फॉल्स सिलिंग 2.4 मीटरवर हवं. म्हणजे बीमखाली जागा राहिली 300 मिलिमीटर. एसीचा डक्ट 250 चा, वर-खाली 25-25 चं इन्सुलेशन. झाले 300! आता स्प्रिंकलरचा पाइप आणि केबल ट्रे कुठून न्यायचे? जो आधी येतो तो जागा बळकावतो आणि नंतर आलेला डोक्याला हात लावतो.

यावर साईटवर एक साधा क्रम चालतो. ज्याला वळता येत नाही, त्याला जागा आधी. सांडपाण्याचा पाइप उतारावरच चालतो. शंभराला एक उतार धरला तर 12 मीटरमध्ये तो 12 सेंटिमीटर खाली उतरणारच, म्हणून त्याचा नंबर पहिला. मग जाडजूड डक्ट, मग प्रेशरवर चालणारे पाण्याचे आणि स्प्रिंकलरचे पाइप आणि शेवटी केबल, कारण ती कुठूनही वळते. वायरमनला हे कधीच पटत नाही, तो भाग वेगळा.

आणि बीमला होल मारायचं असेल तर तो निर्णय या सगळ्यांपैकी कुणाचाच नसतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा असतो.

हे कागदावर जुळलं नाही तर काय होतं ते बर्लिनच्या नव्या विमानतळानं दाखवलं. उद्घाटन जून 2012 मध्ये ठरलं होतं. जेमतेम महिनाभर आधी, मे महिन्यात ते रद्द करावं लागलं, कारण आगीपासून संरक्षणाची यंत्रणा तयारच नव्हती. धूर बाहेर काढणारी व्यवस्था, आपोआप चालणारे दरवाजे, केबल्स, अलार्म हे सगळं एकत्र चालायला हवं होतं आणि ते चालत नव्हतं. विमानतळ सुरू झाला 31 ऑक्टोबर 2020 ला.

म्हणून शहाणा मुख्य ठेकेदार स्लॅब पडायच्या आधी सगळ्यांच्या लाइन्स एकाच ड्रॉइंगवर आणतो आणि प्रत्येकाची सही घेतो. मोठ्या प्रोजेक्टवर हे थ्रीडी मॉडेलमध्ये होतं, कोण कुणाला धडकतंय ते स्क्रीनवरच दिसतं. छोट्या साईटवर एक सॅम्पल फ्लॅट पूर्ण करून बघितला तरी निम्मी भांडणं तिथंच संपतात.

तरीही भांडण झालंच तर? तोडायच्या आधी दोन्ही ठेकेदार आणि साईट इंजिनिअर यांनी एकत्र पाहणी करायची, फोटो काढायचे, टेस्टचे कागद बघायचे. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी भरून ठेवलं होतं, तेव्हा पुढच्या ठेकेदारानं "बरोबर आहे" म्हणून सही केली होती का? केली असेल तर त्यानंतरच्या नुकसानीचा पहिला जाब त्याला द्यावा लागतो. दुरुस्ती लगेच करायची, खर्च कुणाच्या बिलातून कापायचा ते नंतर ठरवायचं.

फ्लॅटमालकाला यात पडायची गरज नाही. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत कामातला दोष कळवला, तर प्रमोटरनं 30 दिवसांत पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. चूक प्लंबरची की टाइल्सवाल्याची, हे त्यानं त्याचं बघायचं.

खरी अडचण छोट्या ठेकेदाराची होते. कारण न्याय करणारा मुख्य ठेकेदार बऱ्याचदा स्वतःच त्या भांडणात असतो. ड्रॉइंग त्याच्याकडून उशिरा आलं, पण डेबिट नोट निघते पीओपीवाल्याच्या नावानं. करारात लवादाचं कलम असतं, पण काही हजारांसाठी लवादापर्यंत कोण जाणार? शिवाय शेवटचं बिल आणि कापून ठेवलेली रिटेन्शनची रक्कम समोरच्याच्याच हातात.

सरकारी कामांवर यासाठी हिंडरन्स रजिस्टर असतं. अडथळा कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला दूर झाला, याची त्यात नोंद होते आणि मुदतवाढ देताना तीच बघितली जाते. खासगी साईटवरचे जुने ठेकेदार हेच काम आता मोबाइलवर करतात. बाथरूम मोकळं मिळालं नाही की त्याच दिवशी फोटो, फ्लॅट नंबर आणि बसून राहिलेल्या कारागिरांची संख्या ग्रुपवर टाकतात आणि संध्याकाळी तोच मजकूर ऑफिसला ईमेल करतात. बिलाच्या वेळी इंजिनिअर बदललेला असतो, ईमेल तिथंच असतो.