सफरचंदाचा आकार आणि ऋतुमान

सफरचंद देठापासून तळापर्यंत उभे न चिरता मध्यावर आडवे चिरले, तर त्याच्या गाभ्यात पाच टोकांची एक रेखीव चांदणी दिसते आणि तिच्या प्रत्येक घरात सामान्यतः दोन, म्हणजे एकंदर दहा बियांची सोय केलेली आढळते. ज्या फळात आठ-दहा टपोऱ्या बिया असतात ते बहुधा भरदार व समतोल असते. ज्याची दोन-तीन घरे रिकामी राहिली, ते त्या अंगाने खंगलेले आणि लहान राहते. फळ फुलाच्या अवस्थेत असताना जे थोडे दिवस गेले, त्यांचा हा दाखला होय.

सिमल्यापलीकडे कोटगड-थानेधारचा जो डोंगराळ मुलूख आहे, तेथे फिलाडेल्फियाहून आलेल्या आणि पुढे सत्यानंद हे नाव धारण केलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास 'रेड डेलिशस' ही अमेरिकन जात रुजविली. आज तेथे घराच्या अंगणाला लागूनच सफरचंदाची झाडे उभी असतात. तेथील बागवानाचा जमाखर्च हिवाळ्यातच सुरू होतो. या जातीच्या कळ्यांना नीट जाग येण्यासाठी ७ अंश सेल्सियसखालची थंडी सुमारे हजार ते बाराशे तास मिळावी लागते. बर्फ तर हळूहळू वितळून मुळांना ओलही पुरवीत असल्यामुळे त्याला तिकडे पांढरे खतच म्हणतात. थंडी अपुरी पडली, की कळ्या मागेपुढे फुटतात, फुलोरा लांबतो, पालवी विरळ येते. आणि पालवीच विरळ, तर फळाचे पोषण कोणी करावे?

एप्रिलमध्ये फुले उमलतात, तेव्हा पाऊस लागला किंवा हवा फार गारठली, तर मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत आणि चांदणीची घरे रिकामी राहतात. पण फळाच्या थोरवीचा खरा निवाडा त्यानंतरच्या चार ते सहा आठवड्यांत होतो. या अवधीत फळातील पेशी एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढत जातात. दिवस उबदार असले तर हे काम झपाट्याने होते. आभाळ कोंदलेले आणि हवा थंड राहिली तर ते मंदावते. पुढे पेशींची संख्या फारशी वाढत नाही, त्या केवळ फुगतात. घराच्या खोल्या वैशाखातच बांधून होतात. नंतरचे महिने त्या भरण्याचे.

हे भरणे मुख्यतः पाण्याचे, कारण पिकलेल्या सफरचंदाचा सुमारे ८५ टक्के भाग पाणीच असतो. कडक उन्हाच्या दुपारी तहानलेली पाने फळातीलही पाणी ओढून घेतात आणि फळ केसभर आक्रसते. रात्री मुळांनी पुरविलेल्या पाण्याने ते ही तूट भरून काढून वर थोडी वाढही साधते. जमीन कोरडी असेल तर रात्रीची भरपाई अपुरी राहते, आणि असे अनेक दिवस साचले की फळ बारीक होते. दीर्घ अवर्षणानंतर एकाएकी मुसळधार पाऊस आला, तर साल तडकण्याचेही भय असते. म्हणून परसबागेत बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालून ओल टिकविणे आणि पाणी नेमाने देणे हेच श्रेयस्कर.

येथे एक गोष्ट नवख्यास विपरीत वाटेल. ज्या वर्षी फुलोऱ्याच्या दिवसांत हवा अत्यंत अनुकूल असते, त्याच वर्षी पुष्कळदा फळे लहान निघतात. कारण प्रत्येक घोसातील पाच-सहा फुलांपैकी बहुतेक सर्व धरतात आणि झाडाचा शिधा खाणारी तोंडे वाढतात. एका फळाला साधारणपणे ३० ते ४० पानांची कमाई लागते. अशा वेळी मालकाने मन घट्ट करून प्रत्येक घोसात एकच, शक्यतो मधल्या फुलाचे फळ ठेवावे, दोन फळांत १५ सेंटिमीटरचे अंतर राखावे आणि बाकीची खुडून टाकावीत. हे काम पेशी वाढत असतानाच व्हावे. आषाढात खुडले, तरी गेलेली संधी परत येत नाही.

हिमाचलातील बिलासपूरचे हरिमान शर्मा यांनी विकसित केलेली 'एचआरएमएन-९९' ही अल्प थंडीत फळणारी जात आता महाराष्ट्रातही लावली जाते. येथे हिमाचा प्रश्न उरला नाही, तरी फळ वाढते ते चैत्र-वैशाखाच्या उन्हात. म्हणून पाणी आणि विरळणी यांची निकड येथे अधिकच. थंडी, ऊन आणि पाऊस यांवर आपली हुकमत नाही. परंतु लिंबाएवढेही न झालेले हिरवे फळ खुडताना थरथरणारा हात आवरणे आपल्या स्वाधीन आहे, आणि उरलेल्या फळाला ऋतूने जे देऊ केले ते पुरते घेता यावे, ही तजवीज त्याच हाताने होते.