शेकोटी, पाचोळा आणि कायदा

हिवाळ्यातील चौकातली शेकोटी, फाल्गुनातील होळी, पानगळीनंतर अंगणात पेटवलेला पाचोळा आणि कापसाचा हंगाम आटोपल्यावर शेतात जाळलेल्या पऱ्हाट्या हे एरंडोल परिसरातील वर्षचक्राचे भाग असले, तरी कायद्याच्या लेखी ते सारखे नाहीत. हवा प्रदूषण प्रतिबंधक अधिनियम, 1981 च्या कलम 19 नुसार राज्य शासन अधिसूचना काढून एखाद्या क्षेत्रात इंधनाखेरीज इतर पदार्थ जाळण्यास मनाई करू शकते. म्हणजेच उबेसाठी किंवा स्वयंपाकासाठी जाळलेले सरपण आणि विल्हेवाटीसाठी पेटवलेला कचरा यांत कायदाच फरक करतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 ने रस्त्यावर व मोकळ्या सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास बंदी घातली, बागेतील पालापाचोळा आवारातच वेगळा साठवून स्थानिक संस्थेच्या निर्देशांनुसार त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आणि झाडलोटीत गोळा झालेली पाने सफाई कामगारांनी जाळू नयेत, हे पाहण्याचे काम नगरपरिषदेसारख्या संस्थांकडे सोपवले. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणविषयक दाव्यांसाठी स्थापन झालेल्या विशेष न्यायाधिकरणाने, उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकारात 5,000 तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. कचरा डेपोही या मनाईतून सुटलेला नसल्यामुळे तेथील आगीस जबाबदार असणारी स्थानिक संस्थाही भरपाई देण्यास बांधील ठरते.

या कठोरपणामागे ज्वलनाचे शास्त्र आहे. कडुनिंबाच्या पानांच्या ढिगात तळाशी ओल असते आणि मध्ये गुटख्याच्या पुड्या व प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या असतात, त्यामुळे ज्वाळा न उठता तो ढीग तासन्‌तास धुमसतो. अशा अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड आणि अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान, फुप्फुसात खोलवर शिरणारे कण बाहेर पडतात, तर पीव्हीसी जळल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असल्याने हा धूर वर न जाता वस्तीतच कोंडून राहतो.

पऱ्हाट्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांवर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि म्हणून हंगामानंतर शेत रिकामे करणे आवश्यकच असते. तथापि श्रेडर यंत्राने त्यांचा भुगा करून कंपोस्ट खत करता येते किंवा त्यांपासून इंधनाच्या कांड्याही बनवता येतात. जाळल्यास मात्र काडीतील सेंद्रिय कर्ब व नत्र हवेत जाते आणि वारा सुटल्यास आग शेजारच्या शेतात पोहोचू शकते. आगीबाबतच्या अशा निष्काळजीपणामुळे कोणाच्या जिवाला धोका अथवा इजा होण्याचा संभव असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शेकोटी पेटवावीच लागली, तर कोरडे लाकूड वापरावे, विजेच्या तारा व गंजी यांपासून ती दूर ठेवावी आणि उठण्यापूर्वी पाण्याने पूर्ण विझवावी. कचऱ्यासाठी मात्र घंटागाडी आणि पाचोळ्यासाठी परसातील खतखड्डा हाच मार्ग कायद्याला आणि आरोग्याला धरून आहे.