वाळुंज आणि ओली जमीन : काही गैरसमज

विलो हे नाव कानी पडताच आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या दृष्टीसमोर एकतर काश्मिरातील पाणथळ काठांवरची वृक्षराजी उभी राहते किंवा क्रिकेटची बॅट; आणि हा वृक्ष थंड मुलखाचा, महाराष्ट्राच्या उन्हाशी त्याचे काय नाते, हा समज त्यातून सहजच दृढ होतो. वस्तुतः त्याच गणातील वाळुंज, ज्याला शास्त्रात सॅलिक्स टेट्रास्पर्मा म्हणतात, तो सह्याद्रीतील ओढ्यांचा आणि नदीथडीचा पिढीजात रहिवासी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (1901–1908) त्याची रीतसर नोंद आहे. बॅटचे लाकूड पांढऱ्या विलोचे. उद्यानांतून हौसेने लावला जाणारा, फांद्या जमिनीपर्यंत लोंबविणारा विलो मूळचा चीनमधला. या दोघांच्या कीर्तीमुळे घरच्या वाळुंजाकडे आपले अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अरुंद, लांबट, दंतुर कडांची त्याची पाने वाऱ्याने उलटली की त्यांची पांढुरकी पाठ लखकन दिसते, आणि एवढ्या एका खुणेवरून तो दुरूनही ओळखता येतो.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. वाळुंज पाण्याचा भुकेला, तेव्हा पाणी साचेल तिथे तो लावावा आणि मग त्याच्याकडे पाहूही नये, असे अनेकजण मानतात. कोणत्याही मुळाला श्वासासाठी प्राणवायू लागतो, आणि हवेतून तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. म्हणूनच पाण्याने तुंबलेल्या जमिनीत आंबा किंवा पेरू गुदमरतो. वाळुंजाची जात या संकटावर मात करू शकते, कारण तिच्या मुळांत हवा वाहून नेणारी पोकळ ऊती तयार होते आणि पुराचे पाणी बुंध्यावर चढले तर खोडाच्या सालीतूनच नवी मुळे फुटून ती वरच्या, हवेशीर थरातून प्राणवायू घेतात. परंतु ही सारी व्यवस्था वाहत्या किंवा येत्या-जात्या पाण्यासाठी घडलेली आहे. बारमाही सांडपाण्याने काळवंडलेल्या डबक्यात, जिथे सडत्या गाळानेच सारा प्राणवायू गिळलेला असतो, तिथे कोवळ्या रोपाचा निभाव लागणे कठीण. ओढ्याच्या काठची वाळूमिश्रित मळई, जिचा खालचा थर उन्हाळ्यातही ओल धरून राहतो, तीच त्याची अव्वल जमीन होय.

याच ठिकाणी आपल्या प्रदेशाचे वैशिष्ट्य ध्यानी घेतले पाहिजे. आपले बहुतेक ओढे फाल्गुनानंतर आटतात. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या पाण्यावर विसंबून काठाच्या उंचवट्यावर लावलेले रोप चैत्र-वैशाखात करपते, कारण त्याची मुळे खालच्या ओलीपर्यंत पोहोचलेली नसतात. म्हणून पहिले दोन उन्हाळे आळे करून पाणी द्यावे, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, आणि शेळ्या-गुरांना हा पाला प्रिय असल्याने काट्यांचे भक्कम कुंपण घालण्यात हयगय करू नये. एवढी तजवीज झाली की मग मात्र वृक्ष स्वतःचे पाहतो.

बियांपासून रोपे करणे सोपे, हीही एक भाबडी समजूत. रेशमी तंतूंनी वेढलेले त्याचे बारीक बी वाऱ्यावर दूर जाते खरे, पण त्याची रुजण्याची शक्ती अल्पायुषी असते, आणि तेवढ्या अवधीत त्याला उघडा, ओला गाळ मिळाला नाही तर ते व्यर्थ जाते. याउलट फाटेकलम जवळजवळ हमखास लागते. करंगळीएवढ्या जाडीची, सुमारे वीतभर लांबीची, वर्षभर वयाची काडी डोळ्याच्या किंचित खाली कापून दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत रोवावी. डोळ्यांची टोके वर आहेत याची मात्र खातरी करून घ्यावी. ही काडी काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवल्यास काही दिवसांनी सालीवर बारीक उंचवटे येतात आणि ते फोडून पांढरी मुळे बाहेर डोकावतात; ती मुळे अंकुररूपाने सालीखाली आधीपासूनच दडलेली असतात. तरीही एकाच झाडाच्या काड्यांनी सारा काठ भरून टाकणे चुकीचे. वाळुंजात नर आणि मादी वृक्ष वेगवेगळे असतात, आणि केवळ नराच्या काड्या लावल्या तर त्या काठाला बी कधीच मिळणार नाही. म्हणून फुलोऱ्याच्या काळात दोन्ही झाडे पारखून, अनेक वृक्षांवरून काड्या घ्याव्यात.

मुळे घराची सांडपाण्याची नळी फोडतात, हा आक्षेप अर्धसत्य आहे. धड नळीत ती शिरत नाहीत, पण गळत्या सांध्यातून घुसून ती तुंबवतात. तेव्हा घरापासून पुरेसे अंतर राखावे हेच शहाणपण, कारण एकदा वाढलेला वृक्ष शहराच्या हद्दीत तोडायचा म्हटला तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

साल चघळली म्हणजे ॲस्पिरिन घेतल्यासारखेच, असे सांगणारे भेटतात. विलोच्या सालीच्या चूर्णाने ताप उतरतो असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने 1763 साली रॉयल सोसायटीला कळविले, 1828 मध्ये योहान बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळे केले, हे खरे. परंतु ॲस्पिरिन हे 1897 मध्ये प्रयोगशाळेत शुद्ध रूपात सिद्ध झालेले निराळे रसायन आहे. सॅलिसिनचे प्रमाण जातीजातीत बदलते, त्यामुळे मात्रेचा भरवसा नाही, आणि बुंध्याभोवतीची साल कडे करून सोलली तर वृक्षच मरतो.

पाने कुरतडलेली दिसली की फवारणीची घाई करणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. कॉमन लेपर्ड या नारिंगी, काळ्या ठिपक्यांच्या फुलपाखराच्या अळ्या ज्या मोजक्या झाडांवर वाढतात त्यांत वाळुंजही आहे. अळ्यांनी खाल्लेल्या डहाळीवर नवी पालवी येते, आणि ओढ्याच्या पाण्यात विष मिसळण्याइतके ते नुकसान मोठे नसते.