रिकाम्या जागांचे राखणदार

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘परम १००००’ हा महासंगणक देशापुढे ठेवला. सी-डॅकचे संस्थापक कार्यकारी संचालक डॉ. विजय भटकर हे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाच्या शेजारचेच. त्यामुळे परमचे कौतुक वऱ्हाडात जरा जास्तच झाले आणि ते रास्तही होते. सेकंदाला १०० अब्ज गणिती क्रियांचा त्याचा वेग तेव्हा सगळीकडे छापून आला. त्या यंत्रात सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते आणि ऑपरेटिंग सिस्टीम होती सोलारिस. मला लिहायचे आहे ते सोलारिसच्या पोटातल्या दोन अगदी लहान फंक्शनांबद्दल. त्यांची नावे नोडेव्ह आणि नलडेव्ह. ती दोघे जवळजवळ काहीच करत नाहीत, तरीही त्यांच्यावाचून ड्रायव्हर पुरा होत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. डिस्क, प्रिंटर, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड या प्रत्येकाची भाषा निराळी असते. ती सगळी कर्नलला शिकवत बसण्याऐवजी दर उपकरणामागे एक ड्रायव्हर लिहितात आणि तो ड्रायव्हर कर्नलच्या हाती एक तक्ता देतो. उघडायचे असेल तर हे फंक्शन बोलाव, बंद करायला हे, वाचायला हे, लिहायला हे. तक्त्याचे रकाने सर्वांना सारखेच असतात, उपकरणे मात्र सारखी नसतात. प्रिंटरकडून वाचणार काय? मेमरी ‘उघडायला’ तयारी कसली लागते? मग त्या रकान्यांत काय भरायचे?

१९७५ साली बेल लॅब्जमधून बाहेर पडलेल्या, सोलारिसचा पूर्वज असलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत याचे उत्तर डोळ्यांनी पाहता येते. तिथे अक्षर-उपकरणांच्या (कॅरेक्टर डिव्हाइसेसच्या) तक्त्यात दर ओळीला पाच रकाने आहेत : उघडणे, बंद करणे, वाचणे, लिहिणे आणि टर्मिनलची मांडणी बदलणे. प्रिंटरच्या ओळीत उघडणे, बंद करणे आणि लिहिणे यांसाठी त्याची स्वतःची फंक्शने आहेत. वाचण्याच्या रकान्यात नोडेव्ह आहे, शेवटच्या रकान्यातही नोडेव्ह. मेमरीच्या ओळीत वाचणे-लिहिणे खरे आहे, पण उघडणे आणि बंद करणे या दोन्ही जागी नलडेव्ह बसलेला आहे. जे उपकरण त्या यंत्राला जोडलेलेच नाही, त्याच्या ओळीत सरसकट नोडेव्ह.

दोघांचा मजकूर केवढा? नोडेव्हमध्ये एकच ओळ आहे : बोलावणाऱ्याच्या नावापुढे १९ क्रमांकाची चूक नोंदव, असे उपकरण नाही. नलडेव्हमध्ये तेवढेही नाही. महिरपी कंस उघडतो आणि बंद होतो. सोलारिसमध्ये रकाने वाढले, दोघांची रीत तीच राहिली. नोडेव्ह चुकेचा क्रमांक परत करतो, नलडेव्ह शून्य परत करतो आणि शून्य म्हणजे काम फत्ते.

एक जण नाही म्हणतो, दुसरा हो म्हणतो. एवढ्याशा फरकावर ड्रायव्हर लिहिणाऱ्याची सगळी सचोटी तोलली जाते, असे मी समजतो. ‘इथे करण्यासारखे काही नाही’ आणि ‘हे इथे होणार नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेमरी उघडताना काही करावे लागत नाही, म्हणून तिथे नलडेव्हचा होकार खरा. पण ज्या उपकरणावर लिहिताच येत नाही, त्याच्या लिहिण्याच्या रकान्यात कोणी नलडेव्ह बसवला तर? चूक आली का एवढेच पाहणाऱ्या प्रोग्रामला वाटेल लिहून झाले. चूक झाल्याचा संदेश येणार नाही, नोंद होणार नाही आणि माहिती कुठेच पोचलेली नसेल. नकार मिळाला तर माणूस दुसरी वाट धरतो. खोट्या होकारावर विसंबला की नुकसान फार उशिरा कळते.

आणि रकाना तसाच रिकामा ठेवला तर? घरी वायरमन नवा स्विचबोर्ड बसवतो तेव्हा जिथे बटण नको तिथे डमी लावतो, भोक उघडे सोडत नाही. कर्नलमध्ये रिकामा रकाना म्हणजे पत्ता शून्य. तो न तपासता कोणी त्यातले फंक्शन बोलावले, तर प्रोसेसर शून्य पत्त्यावर उडी मारतो. तिथे बहुतेक वेळा काही नसते आणि कर्नल कोसळतो. पण तिथे कोणी मुद्दाम काही आणून ठेवले असेल तर गोष्ट वेगळी होते.

युनिक्सच्याच धर्तीवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हे घडले आहे. गुगलमधले टॅव्हिस ऑर्मंडी आणि ज्युलियन टिनेस यांनी १३ ऑगस्ट २००९ रोजी ते उघड केले. नेटवर्कच्या सॉकेटसाठीही, म्हणजे प्रोग्राम नेटवर्कशी ज्या टोकातून बोलतो त्यासाठीही, लिनक्समध्ये असाच तक्ता असतो आणि त्यात मेमरीचे पान थेट पाठवण्यासाठी ‘सेंडपेज’ नावाचा एक रकाना होता. ज्या प्रोटोकॉलला ते काम जमत नाही, त्याने तिथे त्यासाठीच ठेवलेले भरतीचे फंक्शन घालायचे, अशी पद्धत होती. ॲपलटॉक, आयपीएक्स, ब्लूटूथ अशा काही प्रोटोकॉलांच्या तक्त्यात ते राहून गेले. बोलावणारे फंक्शन मात्र रकाना भरलेलाच असणार असे धरून चालले होते, त्याने तपासलेच नाही. परिणाम असा की साधा वापरकर्ता शून्य पत्त्यावर स्वतःचा कोड मांडून ठेवू शकत होता आणि कर्नल तो कोड स्वतःच्या सर्वाधिकारात चालवत होता. शून्याजवळची मेमरी वापरकर्त्याला न देण्याची सोय तोवर आलेली होती, पण ती सगळीकडे चालू नव्हती. ही फट मे २००१ पासून उघडी होती. आठ वर्षे हजारो जाणकारांच्या नजरेखालून तो कोड गेला. दुरुस्ती लहानशी निघाली : रकाना आधी तपासणाऱ्या वाटेने जायचे आणि तो रिकामा असेल तर भरतीचे फंक्शन वापरायचे.

लिनक्समध्ये अनेक ठिकाणी रकाना रिकामा ठेवायची मुभा आहे. बोलावणाऱ्याने आधी पाहावे आणि रिकामा असेल तर ठरलेला नकार द्यावा, असा तिथला शिरस्ता. त्याने ड्रायव्हर सुटसुटीत होतात, हे खरे. पण मग तपासण्याची जबाबदारी दर बोलावणाऱ्यावर येते आणि त्यांतला एक जरी विसरला तरी २००९ पुन्हा घडू शकते. म्हणून माझे मत युनिक्सच्या जुन्या रीतीच्या बाजूने आहे. जागा रिकामी ठेवूच नये.

वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कुठेही संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगायचे आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल आहे आणि त्याचा सोर्स कोड फुकट वाचता येतो. त्यात आयपीव्ही४ च्या विभागात ‘एएफ_आयनेट’ नावाची फाइल आहे. तिच्यात यूडीपी या प्रोटोकॉलचा तक्ता शोधा. यूडीपीमध्ये जोडणीची वाट पाहणे नसते आणि ती स्वीकारणेही नसते, म्हणून त्या दोन रकान्यांत ‘सॉक_नो_लिसन’ आणि ‘सॉक_नो_ॲक्सेप्ट’ बसलेले दिसतील. पुढे त्यांच्या मूळ व्याख्येपर्यंत जा. काही ओळींचा तो कोड समजायला पुस्तक लागत नाही. कर्नल वाचायची सुरुवात तिथून करा.